तीन-पाच, आठ-पाच

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी आमच्या पुण्यातल्या घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये दुधाच्या फ्रीजसमोर जवळपास अर्धा तास उभा होतो. शेवटी तिथल्या मुलाने येऊन विचारलं, "सर, काही शोधताय का?" मी पिशव्या उलटसुलट करून मागचे बारीक आकडे मोबाइलमध्ये टिपत होतो. घरी वाद झाला होता. आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहतो आणि दुधाचे पैसे आळीपाळीने भरतो. एकाचं म्हणणं, जास्त पैशांचं दूध जास्त चांगलं असणारच. दुसऱ्याचं म्हणणं, सगळं दूध सारखंच, स्वस्तातलं आणा. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मी काहीच न म्हणता एक तक्ता बनवला.

दुधातलं पाणी सोडून जे उरतं ते दोन भागांत मोजतात: फॅट, आणि फॅट सोडून बाकीचं सगळं, म्हणजे प्रथिनं, साखर आणि खनिजं. या दुसऱ्याला एसएनएफ म्हणतात. आपल्या कायद्याप्रमाणे टोन्ड दुधात किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ लागतं. फुल क्रीममध्ये ६ आणि ९, गायीच्या दुधात ३.२ आणि ८.३. माझ्या यादीत चार प्रकार होते. साध्या पिशवीतलं टोन्ड ५६ रुपये लिटर, फुल क्रीम ६८, खोक्यातलं महिनोन् महिने टिकणारं टोन्ड ७५ आणि काचेच्या बाटलीतलं देशी गायीचं १२०. शंभर ग्रॅम घन पदार्थांना किती पैसे पडतात असा हिशोब केला तर फुल क्रीम ४४ रुपये, साधं टोन्ड ४७, खोकं ६३ आणि बाटली १०१. गंमत म्हणजे टोन्डचे ३ अधिक ८.५ आणि गायीचे ३.२ अधिक ८.३ यांची बेरीज एकच येते, साडेअकरा. म्हणजे कायद्याच्या किमान आकड्यांनी पाहिलं तर ५६ आणि १२० रुपयांच्या दुधात घन पदार्थ सारखेच.

हा तक्ता मी घरी दाखवला. वाद मिटला नाही, पण मला दुसरंच काहीतरी खुपायला लागलं. हे आकडे मी आधी पाहिले होते. पिशवीवर नाही, माझ्या मामाच्या पावतीवर.

*

मामा नगर जिल्ह्यात राहतो. पाच गायी आहेत, सगळ्या संकरित, आम्ही ज्यांना सरसकट एचएफ म्हणतो त्या. दिवसातून दोनदा किटली घेऊन तो संकलन केंद्रावर जातो. तिथे यंत्राच्या नळीत थोडं दूध जातं आणि पावती बाहेर येते: लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा भाव बोलतात तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला. "तीन-पाच, आठ-पाच" हे तिथे एका दमात म्हणायचे शब्द आहेत. आकडा खाली गेला की प्रत्येक पॉइंटमागे कपात, आणि पॉइंट म्हणजे टक्क्याचा दहावा भाग.

दोन वर्षांपूर्वी मामाचा फोन आला. एका केंद्रावर त्याचं एसएनएफ कायम ८.१ च्या आसपास लागत होतं. वैतागून एका सकाळी त्याने त्याच धारेचं दूध दोन किटल्यांत ओतलं आणि दोन केंद्रांवर घातलं. दुसरीकडे ८.५ लागलं. "तू कॉम्प्युटरवाला ना," तो म्हणाला, "मग आकडा खोटं कुठं बोलतो ते बघ." मला वाटलं, सोपं आहे, कुणीतरी चोरी करत असेल. सोपं नव्हतं. उत्तर शोधताना मी सव्वाशे वर्षं मागे गेलो, आणि ते तिथे तरी पूर्ण सापडलं का, हे मी अजून स्वतःला विचारतो.

*

दूध मोजण्याचा प्रश्न मुळात भाव ठरवण्यासाठी निघालाच नव्हता, तो चोर पकडण्यासाठी निघाला. दुधात पाणी घालणं ही जगातली सगळ्यात सोपी भेसळ, आणि ती ओळखायला लॅक्टोमीटर पुरेसा वाटायचा. पाण्याची घनता १ धरली तर दुधाची साधारण १.०३. पाणी घातलं की दूध हलकं होतं आणि काचेची नळी जास्त बुडते. लॅक्टोमीटरवर घनतेच्या दशांशानंतरचेच आकडे वाचतात. १.०२८ असेल तर म्हणायचं "अठ्ठावीस डिग्री". आपल्या खेड्यांत अजूनही "डिग्री किती लागली?" असं विचारतात, ती हीच.

पण लॅक्टोमीटरला फसवणं अवघड नव्हतं. फॅट पाण्याहून हलकी असते. साय काढून घेतली की उरलेलं दूध जड होतं. मग त्यात बेताचं पाणी घातलं की घनता पुन्हा जिथल्या तिथे. दोन चोऱ्या मिळून एक प्रामाणिक आकडा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या लोणी-चीजच्या कारखान्यांना हीच डोकेदुखी होती. ते दूध वजनावर घेत. त्यामुळे ज्याची गाय दाट दूध देते त्याला आणि जो साय काढून पाणी घालतो त्याला एकच भाव. चांगलं दूध देणारा शेतकरी शेजाऱ्याच्या चोरीचे पैसे भरत होता.

त्यावर तोड निघाली १८९० मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात. स्टीफन मोल्टन बॅबकॉक या रसायनशास्त्रज्ञाने ठरावीक दुधात तीव्र गंधकाम्ल घातलं. आम्लाने प्रथिनं विरघळली, फॅट मोकळी झाली, बाटली गरगर फिरवल्यावर वर आली, आणि बाटलीच्या निमुळत्या मानेवर तिची उंची वाचता आली. काही मिनिटांचं काम, आणि कुठलाही कामगार शिकू शकेल असं. बॅबकॉकने त्याचं पेटंट घेतलं नाही. दुसऱ्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये निक्लाउस गर्बरने आम्लाबरोबर अमाइल अल्कोहोल वापरून आपली पद्धत काढली, आणि भारतातल्या डेअऱ्यांत रुळली ती हीच. दहा मिलिलिटर आम्ल, पावणेअकरा मिलिलिटर दूध, एक मिलिलिटर अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूज. डेअरीत काम केलेल्या कुणालाही विचारा, शर्टाला आम्लाने पडलेली भोकं आठवतील.

मला ही पद्धत फार आवडते. यात हिशोब नाही, समज-गैरसमज नाही. फॅट डोळ्यांना दिसते, पिवळसर रेघेसारखी. पण या शोधाने एक गोष्ट मुकाट्याने बदलली. दूध चांगलं की वाईट हा प्रश्न होता, त्याच्या जागी दुधात फॅट किती हा प्रश्न आला. पैसे फॅटवर मिळायला लागले की दूध म्हणजे फॅट.

उरलेल्या भागाचं काय? तो मोजायला दूध आटवून, वाळवून वजन करावं लागतं, आणि रोज सकाळी शंभर शेतकऱ्यांच्या रांगेत ते शक्य नाही. इथे इंग्लंडमधल्या एका मोठ्या डेअरी कंपनीत काम करणाऱ्या हेन्री ड्रूप रिचमंडचं सूत्र आलं. घनता आणि फॅट माहीत असेल तर बाकीचं गणिताने काढता येतं: डिग्रीचा चौथा हिस्सा, त्यात फॅटचा पाचवा हिस्सा, आणि शेवटी एक छोटी संख्या. रिचमंडची ती छोटी संख्या होती ०.१४.

ही छोटी संख्या लक्षात ठेवा. मामाच्या गोष्टीतला चोर, असलाच तर, तिथेच लपला होता.

*

आता मुंबईकडे यायला हवं, कारण आपल्या फ्रीजमधली निम्मी नावं तिथे जन्मली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबईचं दूध मुंबईतच निघायचं. शहराच्या आत, वस्तीला लागून म्हशींचे तबेले. गुजरातेतून आणि इतर ठिकाणांहून व्यालेल्या म्हशी आणायच्या, दुधावर असेपर्यंत ठेवायच्या आणि भाकड झाल्या की बहुतेक खाटकाला विकायच्या, कारण शहरात भाकड जनावर पोसणं परवडत नसे. चांगल्यातली चांगली म्हैस एका वेतानंतर संपायची. दुधात पाणी घालणं तर इतकं सरसकट होतं की त्यासाठी १९२५ मध्ये मुंबई प्रांताने भेसळीविरुद्ध वेगळा कायदा केला होता.

दुसऱ्या महायुद्धात शहर फुगलं आणि दूध कमी पडू लागलं. सरकारने बॉम्बे मिल्क स्कीम काढली आणि १९४५ मध्ये सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवरच्या आणंदहून पाश्चराइझ केलेलं दूध रेल्वेने आणायला सुरुवात केली. ते आणायचं काम पोल्सनकडे होतं, तेच लोणीवाले पोल्सन. मुंबईत ग्राहकाला दूध मिळालं, पोल्सनला कंत्राट मिळालं, खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मात्र जुनाच भाव. पुढचं आपण शाळेत शिकलोय: जानेवारी १९४६ मधली सामरख्याची सभा, मोरारजी देसाई, त्रिभुवनदास पटेल, पंधरा दिवस दूध न घालण्याचा संप आणि त्याच वर्षी डिसेंबरात नोंदवलेला खेडा जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजे आजचा अमूल. १९४८ मध्ये हा संघ मुंबईला दूध धाडायला लागला. वर्गीज कुरियन आणंदला पोहोचले त्यानंतरच्या वर्षी.

या कहाणीत मुंबईच्या बाजूचा माणूस कमी सांगितला जातो. मिल्क कमिशनर दारा खुरोडी. शहरातल्या म्हशी बाहेर काढून गोरेगावजवळच्या टेकड्यांवर वसवायच्या, ही आरे कॉलनी त्यांच्या काळातली, १९४९ची. बत्तीस युनिटं, हजारो म्हशी, मधोमध डेअरी. १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून. कुरियन आणि खुरोडी यांचं आपसात किती जमायचं हा वेगळा विषय. मुंबई हिवाळ्यात आणंदचं जादा दूध घेईना आणि बाहेरची पावडर मात्र वापरी, यावर कुरियन पेटून उठायचे, आणि आणंदला १९५५ मध्ये दुधाची पावडर करणारा कारखाना उभा राहिला त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

पण खुरोडींचं आपल्या स्वयंपाकघरातलं खरं स्मारक म्हणजे टोन्ड दूध. कल्पना साधी होती. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के फॅट असते. एक लिटर सहा टक्क्यांचं दूध घ्या, त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर पाण्यात कालवून एक लिटर मिसळा. दोन लिटर दूध झालं, फॅट तीन टक्के. पावडरीमुळे एसएनएफ जागच्या जागी राहतं, त्यामुळे चव आणि पोषण फार पडत नाही, आणि भाव खूप खाली येतो. फक्त पाणी घातलं असतं तर तो गुन्हा होता. पाण्याबरोबर पावडर घातली तर ती योजना. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. ज्या घरांत आधी चहापुरतं दूध यायचं तिथे या योजनेमुळे पोरांच्या वाटीत दूध पडलं. पांढऱ्या आरे स्टॉलसमोर पहाटे कार्ड घेऊन उभं राहणं, पातळ ॲल्युमिनियमच्या झाकणाची काचेची बाटली, हे ज्यांनी केलं त्यांच्या पिढीला विचारा. माझी आजी गिरगावातल्या बहिणीकडे राहायला गेली की मामांना सांगायची, तिथलं दूध पातळ असतं पण रोज येतं.

टोन्ड दुधाने मात्र एक नवी गोष्ट केली. गर्बरच्या बाटलीत आकडा *सापडायचा*. इथे आकडा *ठरवून* दूध तयार होऊ लागलं. आधी दूध, मग आकडा, असा जो क्रम होता तो उलटला. १९५४ मध्ये अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा आला, १९५५ पासून त्याचे नियम लागू झाले, आणि प्रत्येक प्रकाराला किमान फॅट आणि किमान एसएनएफ ठरलं. महाराष्ट्रात म्हशीच्या दुधाला सहा टक्के फॅट, काही राज्यांत पाच. म्हणजे म्हैस राज्याची सीमा ओलांडून गेली की तिचं दूध कायद्याने जास्त शुद्ध व्हायचं!

किमान आकडा ठरवला की काय होतं हे कुठल्याही प्रोग्रामरला कळेल. जिथे मर्यादा लिहिली तिथे सगळे बरोबर मर्यादेवर येऊन उभे राहतात. डेअरीतल्या यंत्रात येणारं दूध क्रीम आणि साय काढलेलं दूध असं वेगळं होतं आणि हव्या त्या प्रमाणात परत एकत्र होतं. ३.० लिहिलंय तर ३.०च. वर गेलेली प्रत्येक दशांश फॅट म्हणजे न विकलेलं लोणी, कोण सोडेल? त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन कंपन्यांच्या पिशव्यांची फॅट-एसएनएफवर तुलना करणं म्हणजे दोन दुकानांतल्या एक किलोच्या वजनांची तुलना करणं. मी फ्रीजसमोरचा अर्धा तास बराचसा वाया घालवला होता.

*

१९७० मध्ये सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लडने हा मुंबईचा नमुना मोठा केला. युरोपीय देशांकडे दुधाच्या पावडरीचे आणि लोण्याच्या तेलाचे डोंगर साठले होते. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत पहिल्या टप्प्यात १ लाख २६ हजार टन पावडर आणि ४२ हजार टन बटर ऑइल भारताला देणगी म्हणून मिळायचं ठरलं. ते इथल्या दुधात मिसळून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमध्ये विकायचं आणि आलेल्या पैशातून खेड्यांत सहकारी संघ उभे करायचे. १९८३ मध्ये क्लॉड अल्वारिस यांनी 'इलस्ट्रेटेड वीकली'त या सगळ्यावर जबर टीका केली आणि मोठा गदारोळ झाला. त्या वादात पडायला इथे जागा नाही. मला स्वतःला दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या वाटतात. देणगीतून संघ उभे राहिले हे खरं, आणि पुढे १९९८ पर्यंत भारत जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक झाला हेही खरं. शहराला दूध आधी आणि शेतकऱ्याला भाव नंतर, हा क्रम मात्र बऱ्याच वेळा तसाच राहिला.

खेडा जिल्हा म्हशींचा. तिथे फॅटवर भाव हे न्यायाचं होतं. महाराष्ट्रात वेगळं घडलं. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बायफ संस्था काढली आणि गावठी गायींना होल्स्टीन आणि जर्सीची कृत्रिम रेतनं द्यायला सुरुवात झाली. दोन-तीन लिटर देणाऱ्या गायीची कालवड दहा-बारा लिटर देऊ लागली. नगर, पुणे, सोलापूर, सातारा या पट्ट्यात दुष्काळातही हातात रोकड देणारा धंदा उभा राहिला. माझ्या आईचं शिक्षण एका जर्सी गायीवर झालं, हे आमच्या घरात अक्षरशः असंच सांगतात.

पण या गायींच्या दुधात फॅट कमी. नुसत्या फॅटवर भाव दिला असता तर त्यांचा मालक मेलाच असता. म्हणून फॅट आणि एसएनएफ अशा दोन्हींवर भाव ठरवायची पद्धत आली. कागदावर हे गायवाल्याच्या भल्याचं होतं, आणि बऱ्याच अंशी आहेही. फक्त तोवर संघाच्या आणि शहराच्या मधल्या जागेत खाजगी डेअऱ्या आल्या होत्या. १९९१ नंतर परवान्यांची कडेकोट पद्धत सैल झाली आणि महाराष्ट्रातलं बरंचसं दूध खाजगीकडे गेलं. एकाच गावात तीन-तीन संकलन केंद्रं, तिघांचे तीन दर आणि तीन मोजमापं.

*

तर मामाचं दूध.

मी गावी गेलो, दोन्ही केंद्रांवर बसलो. पहिल्या ठिकाणी ध्वनिलहरींवर चालणारं यंत्र होतं, दुसऱ्याचं तसलंच यंत्र बिघडलेलं, म्हणून तिथे फॅट जुन्या यंत्रावर आणि डिग्री लॅक्टोमीटरवर बघून एसएनएफ कॉम्प्युटर काढत होता. पोरगं ओळखीचं निघालं, त्याने मला सेटिंगचा पडदा उघडून दाखवला. तिथे ते सूत्र होतं, रिचमंडचं नातवंड.

त्या दिवशी मामाच्या दुधाला फॅट ३.६ आणि डिग्री २८ लागली होती. आपल्याकडे चालणाऱ्या एका सूत्रात डिग्रीचा चौथा हिस्सा, फॅटची ०.२२ पट आणि शेवटी ०.७२ मिळवतात. म्हणजे ७ अधिक ०.७९ अधिक ०.७२, बरोबर ८.५१. दुसऱ्या सूत्रात फॅटची ०.२ पट आणि शेवटी ०.४४. म्हणजे ७ अधिक ०.७२ अधिक ०.४४, बरोबर ८.१६. काही ठिकाणी ०.३६ही धरतात. तेच दूध, तीच गाय, तोच लॅक्टोमीटर. पहिल्या सूत्राने मामा आठ-पाचच्या वर, दुसऱ्याने तीन पॉइंट खाली. आणि गंमत अशी की पहिल्या केंद्रावरचं यंत्रही कुठल्या तरी सूत्राने जुळवलेल्या नमुन्यांवरच बेतलेलं असतं, फक्त तिथे ती संख्या पडद्यावर दिसत नाही.

मग खरी संख्या कोणती? याला उत्तर आहे, पण ते पोराला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती संख्या लॅक्टोमीटरबरोबर बांधलेली असते. लॅक्टोमीटर कोणत्या तापमानाला प्रमाणित केलाय, दूध मोजताना किती गरम होतं, यावर ती ठरायला हवी. रिचमंडची ०.१४ विलायतेतल्या साठ अंश फॅरेनहाइटची होती. काच एका तापमानाची आणि सूत्र दुसऱ्या तापमानाचं असलं की आकडा चुकतो, आणि त्यात कुणाची नियत वाईट असायची गरजही पडत नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये ती संख्या कुणीतरी एकदा घातली आणि नंतर कुणी हात लावला नाही. मी रोज असाच कोड बघतो. कुणाच्या तरी आयुष्यातला पैसा असा कोपऱ्यातल्या एका स्थिरांकावर उभा असतो हे मात्र मला तोवर जाणवलं नव्हतं.

मामाला वाटलं आता दुसऱ्या केंद्राला घालायचं. आम्ही दहा दिवसांचं बिल दोन्हीकडच्या दरपत्रकाने मांडलं. ज्या केंद्रावर आठ-पाच लागत होतं तिथला लिटरचा दर कमी होता. जिथे आठ-एक लागत होतं तिथला दर जास्त आणि कपातही जास्त. दोन बिलांत फरक निघाला तो सरकी पेंडेचं अर्धं पोतंही येणार नाही इतका. "म्हंजे तीन-पाच करायला जागाच ठेवली नाही म्हण की," मामा म्हणाला.

*

या सगळ्या मोजामोजीत जे मोजलं जात नाही त्याबद्दल एवढंच. २०११ मध्ये सरकारी सर्वेक्षणात तपासलेल्या १७९१ नमुन्यांपैकी ६८ टक्के निकषांत बसले नाहीत आणि 'देशातलं दोनतृतीयांश दूध भेसळीचं' अशा बातम्या आल्या. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग फॅट किंवा एसएनएफ कमी भरलेल्या दुधाचा होता. पुढच्या मोठ्या सर्वेक्षणात, २०१८-१९च्या, ६४३२ नमुने तपासले. भेसळीचे निघाले फक्त १२. अँटिबायोटिक्सचे अंश मर्यादेपेक्षा जास्त ७७ नमुन्यांत. आणि अफ्लाटॉक्सिन एम-वन, हे बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून दुधात उतरणारं विष, ३६८ नमुन्यांत. तेही कच्च्या दुधापेक्षा पिशवीतल्या दुधात जास्त.

म्हणजे आपण सत्तर-ऐंशी वर्षं पाणी शोधत बसलो, आणि काळजी करायची ती गोष्ट पेंडीच्या पोत्यात होती. पावसाळ्यात कोरडी, बिनबुरशीची पेंड ठेवायला खर्च येतो. तो करणाऱ्या शेतकऱ्याला पावतीवर एक पैसाही जास्त मिळत नाही, कारण पावतीवर तो रकानाच नाही. आणि १२० रुपयांच्या बाटलीवरही हा आकडा मला दिसला नाही. बाटलीवर गायीचं चित्र होतं.

*

दिवाळीनंतर मामा डोळ्यांच्या तपासणीला पुण्यात आला, दोन रात्री आमच्याकडे राहिला. सकाळी चहा करायला उठला आणि ओट्यावरची टोन्डची पिशवी हातात घेऊन चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न करत होता. मी वाचून दाखवलं: तीन आणि साडेआठ.

"साडेआठ?" तो म्हणाला. "आमच्या गावात कुणाला साडेआठ लागत नाय. मग ह्यांना कुठनं गावलं?"

मी म्हटलं, "मामा, कमी पडलं तर पावडर घालतात."

"पावडर कशाची?"

"दुधाचीच. हिवाळ्यात दूध जास्त होतं तेव्हा करून ठेवतात."

त्याने पिशवी परत ओट्यावर ठेवली. हिवाळ्यात दूध जास्त होतं तेव्हा दर पडतात, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

आमच्या फ्लॅटमध्ये आता फुल क्रीम येतं. तक्त्याप्रमाणे घन पदार्थांना तेच स्वस्त. चहापुरतं काढून त्यात मी पाणी घालतो, एका लिटरला पाव लिटरच्या थोडं वर, म्हणजे टोन्डइतकं दाट राहतं आणि लिटरमागे चारेक रुपये वाचतात. जास्त पैशांचं दूध जास्त चांगलं म्हणणारा जो होता तो याला अजून भेसळ म्हणतो, आणि त्याची पाळी आली की गुपचूप बाटली आणतो.